पाऊस बाहेर, पिल्लू घरात



मिरगाचा पहिला पाऊस आला की सगळ्यांनाच बरं वाटतं. मग जुलै उजाडतो. सलग पाचव्या दिवशीही आभाळ उघडत नाही, घरभर दोऱ्यांवर ओले कपडे लोंबत असतात, भर दुपारी वीज गेलेली असते आणि दीड-दोन वर्षांचं मूल दाराची कडी वाजवत बाहेर जायचा हट्ट धरून बसतं. रत्नागिरी, चिपळूण, श्रीवर्धन, म्हसळा या बाजूला हे चित्र घरोघरी दिसेल. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडणारा हा पट्टा, आणि त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. हिशेब करून पाहा. तीन वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातलं जवळपास एक अख्खं वर्ष पावसाळ्यात गेलेलं असतं. मुंब्रा-भिवंडीच्या दीड खोलीत राहणाऱ्या भगिनींकडे तर पडवीही नसते.

त्यात बऱ्याच घरांत मुलाचे अब्बा दोहाला, कुवेतला किंवा जहाजावर. मोठी मुलं शाळेत आणि मग मदरशात. घरात उरतात आई, दादी आणि हे पिल्लू. चुलीवर कालवण, मोरीत धुणं, दादीच्या गुडघ्याला शेक, आणि तेवढ्यात पाठीमागे काहीतरी पडल्याचा आवाज. अशा वेळी आईने मोबाईल लावून मुलाच्या हातात दिला, तर तिला बोल लावायला या पानावर जागा नाही. पण मोबाईलबद्दल बोलल्याशिवाय पुढेही जाता येणार नाही.

भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने, 2021 साली पालकांसाठी सूचना काढल्या. दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा अजिबात नको. दूरच्या नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल एवढाच अपवाद. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि जितका कमी तितका चांगला. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये जवळपास हेच सांगितलं होतं. त्यांनी आणखी एक आकडा दिला, ज्याची चर्चा फारशी होत नाही. एक ते चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल व्हायला हवी. तीन तास! चालणं, चढणं, रांगणं, ओढणं, ढकलणं, सगळं त्यात धरलेलं आहे. पावसाळ्यात मूल चिडचिडं होतं, रात्री लवकर झोपत नाही, जेवणाला तोंड फिरवतं, त्यामागे पुष्कळदा हे न वापरलेले तीन तासच असतात. मोबाईल दिला की ते गप्प बसतं खरं, पण अंगातली रग तशीच राहते आणि रात्री अकरा वाजता बाहेर येते.

दुसरी गोष्ट बोलण्याची. मूल बोलायला शिकतं ते समोरच्या माणसाशी देवाणघेवाण करून. ते ‘बा’ म्हणालं की आपण ‘बादली? बादली हवी?’ म्हणतो, ते मान हलवतं, आपण बादली दाखवतो. मोबाईलमधलं गाणं कितीही गोड असलं, अगदी कलमा आणि दुआ शिकवणारं असलं, तरी ते मुलाच्या ‘बा’ची वाट पाहत नाही. ‘इस्लामी कार्टून आहे, मग हरकत काय?’ असं पुष्कळ घरांत विचारलं जातं. मोठ्या मुलांचं एक वेळ सोडा; दीड वर्षाच्या मुलाला मात्र कार्टून कोणतंही असो, पडदा तो पडदाच.

मग करायचं काय? खेळण्यांच्या दुकानात जायची गरज नाही. दोन वर्षांच्या मुलाला खेळण्यापेक्षा तुमच्या हातातली वस्तू हवी असते, हे प्रत्येक आईने पाहिलेलं आहे. महागडी गाडी कोपऱ्यात पडून असते आणि मूल उलथन्यासाठी रडत असतं. आपण ते उलथनं काढून घेतो, ‘जा, खेळ जा’ म्हणतो, आणि तिथून भांडण सुरू होतं. पावसाळ्यातला माझा सल्ला नेमका उलटा आहे. मुलाला कामातून बाहेर काढू नका, कामात घ्या.

तांदळाच्या भाकरीची उकड मळून झाली की लिंबाएवढा गोळा चांगला निवू द्या आणि त्याच्या पुढ्यात ठेवा. सोबत एक पालथी ताटली आणि चिमूटभर सुकं पीठ. तो थापेल, बोट खुपसेल, चाटेल, जमिनीला चिकटवेल. चाटलं तर चाटू द्या, खाण्याचंच पीठ आहे. तुमच्या तीन भाकऱ्या होईपर्यंत त्याचा जीव त्यात रमतो. त्याची ती वेडीवाकडी भाकरी तव्याच्या कडेला खरंच भाजा आणि जेवताना दादीच्या ताटात वाढा. दादीने ‘माशाअल्लाह, कुणी केली ही?’ एवढं विचारलं, की दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून ताटली घेऊन येतो. त्याची जागा मात्र चुलीपासून, गॅसपासून लांब. भाकरी भाजताना मूल मांडीवर किंवा कडेवर कधीच नको.

टोपलीतले कांदे-बटाटे हाही तासाभराचा ऐवज आहे. सगळे एकत्र ओतायचे. कांदे या परातीत, बटाटे त्या परातीत. दीड वर्षाचं मूल वेगळे करणार नाही, ते फक्त एकेक उचलून टाकत राहील, आणि परातीत बटाटा पडल्याचा आवाजच त्याला पुरतो. अडीच वर्षांचं मूल वेगळेही करील आणि मोठा कुठला, छोटा कुठला हेही सांगेल. पुन्हा ओता, पुन्हा भरा. आपल्याला कंटाळा येतो, त्याला येत नाही; तीच तीच गोष्ट वीस वेळा करणं हे त्या वयाचं शिकणंच आहे. स्टीलच्या डब्यांची झाकणं लावणं आणि काढणं, वाटीत वाटी बसवणं, हेही त्यातलंच.

कपडे तर पावसाळ्यात घरातच वाळतात. मग ते वाळत घालताना त्याला मदतनीस करा. ‘अब्बांचा रुमाल दे. आता दादीची ओढणी. आता तुझी चड्डी कुठे गेली?’ प्रत्येक वस्तूचं नाव, तिचा मालक, तिचा रंग असं बोलत राहा. पुस्तकातून शिकवलेल्या शब्दांपेक्षा हे शब्द लवकर बसतात, कारण ओला रुमाल त्याच्या हातात असतो. वाळलेले मोजे जोडीने लावणं हे थोड्या मोठ्या मुलाचं काम. धुणं दुप्पट वेळ खातं, हे कबूल आहे. पण तो वेळ नाहीतरी मुलामागे धावण्यात जाणारच होता.

आता त्या तीन तासांचं. किराणा दुकानातून एक मोठा पुठ्ठ्याचा खोका मागून आणा. बिस्किटांचे खोके दुकानदार आनंदाने देतो. त्यातल्या पिना आणि चिकटपट्ट्या काढून टाका. हा खोका ढकलला की हातगाडी होते, आडवा ठेवला की बोगदा, उभा ठेवला की लपायची जागा. गाद्या-लोडांचा डोंगर करून त्यावरून चढउतार, रजईखालून रांगत जाणं, बेडकासारख्या उड्या, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत डोक्यावर उशी घेऊन चालणं, यातलं काहीही सकाळच्या नाश्त्यानंतर अर्धा तास आणि असरनंतर अर्धा तास करा. वेळ ठरलेली असली की मूल वाट पाहतं. बाकीचा वेळ घरातल्या घरात फिरताना आपोआप भरतो, फक्त त्याला टीव्हीसमोर किंवा पाळण्यात तासन्‌तास अडकवून ठेवू नका.

खोक्याची आणखी एक मजा. नूह (अलै.) यांच्या नौकेची गोष्ट पावसाळ्यात सांगायची नाही तर कधी? खोका ही नौका. तिच्यात जोडीजोडीने चढवायचं: दोन चमचे, दोन वाट्या, दोन मोजे, दोन बटाटे. बाहेर पाऊस कोसळतोच आहे. पैगंबरांचं सोंग अर्थातच कुणी घ्यायचं नाही, मुलानेही नाही. त्याचं काम फक्त जोड्या भरण्याचं. याच धर्तीवर सुलेमान (अलै.) यांच्या गोष्टीतली मुंगी आहे, यूनुस (अलै.) यांचा मासा आहे. दोन वर्षांच्या मुलाला अख्खा प्रसंग समजणार नाही. त्याला मुंगी समजेल, मासा समजेल, आणि तुमचा आवाज समजेल. एवढं आज पुरे.

काही घरांत नमाजच्या वेळी मुलाला दुसऱ्या खोलीत कोंडतात, ते मला पटत नाही. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आपली नात उमामा हिला घेऊन नमाज अदा केल्याचं सहीह बुखारीत आहे. सजद्यात जाताना ते तिला खाली ठेवत आणि उठताना पुन्हा उचलून घेत. नातू पाठीवर चढून बसला म्हणून त्यांनी सजदा लांबवल्याचंही हदीसमध्ये आलेलं आहे. तेव्हा पिल्लू जानमाजवर आलं, तुमच्या ओढणीत शिरलं, तर रागावू नका. त्याच्यासाठी जुन्या चादरीचा चौकोनी तुकडा शेजारी अंथरा. तो दोन सजदे करील आणि कोलांटउडी मारील. वुजूचंही तसंच. मोरीत बसवून, थोडं पाणी ताटात घेऊन, तुमच्यासोबत हात-तोंड धुऊ द्या. पाण्याचा खेळही होतो आणि सवयही लागते. मात्र तसबीह तोंडात घालू देऊ नका. दोरा तुटला की मणी घशात जायला वेळ लागत नाही.

बाहुल्यांबद्दलही दोन शब्द. ‘बाहुली चालते का?’ हा प्रश्न आपल्याकडे दर पिढीत नव्याने विचारला जातो. आदरणीय आयेशा (र.) लहानपणी बाहुल्यांशी खेळत असत आणि त्यांच्या खेळण्यांत पंख असलेला एक घोडाही होता, तो पाहून प्रेषित (स.) मनमोकळे हसले, हे हदीसच्या ग्रंथांत नोंदलेलं आहे. ज्या घरात मन खात असेल त्यांनी जुन्या ओढणीची, नाक-डोळे नसलेली कापडी बाहुली करावी. मुलाला तीही तितकीच प्रिय असते. तिला झोपवणं, भरवणं, पांघरूण घालणं यात मुलगा-मुलगी असा भेद करू नका. लहान भावंडाला जपायचं त्यालाही शिकायचंच आहे.

या सगळ्यात बाहेरचा पाऊस हा शत्रू समजू नका. पाऊस आला तेव्हा प्रेषित (स.) यांनी अंगावरचं वस्त्र थोडं बाजूला करून तो अंगावर घेतला, कारण तो नुकताच आपल्या पालनकर्त्याकडून आलेला आहे, असं सहीह मुस्लिममध्ये आदरणीय अनस (र.) यांच्याकडून आलं आहे. फायद्याचा पाऊस पडो, ही छोटी दुआही आहे. मुलाचे हात धरून ती रोज म्हणा. वारा-विजा नसतील तर कडेवर घेऊन पडवीच्या टोकाशी उभ्या राहा. पागोळीखाली स्टीलचं ताट धरा, मग प्लास्टिकची बादली धरा, मग पालथं पातेलं. तीन आवाज वेगळे येतात. पत्र्यावरचा पाऊस वेगळा, कौलांवरचा वेगळा. दहा मिनिटं भिजलं तर भिजू द्या. लगेच अंग पुसून कोरडे कपडे घातले की झालं. साचलेल्या पाण्यात आणि चिखलात मात्र अनवाणी सोडू नका, विशेषतः पायाला जखम असेल तर. उंदीर-गुरांच्या मुतातून त्या पाण्यात लेप्टोचा जंतू येतो आणि आपल्या कोकणात तो आजार दर पावसाळ्यात डोकं काढतो. फ्लॅटमधल्या भगिनींसाठी खिडकी आहे. गजाशी चिकटून बसलेली चिमणी, भिजलेला कावळा, रस्त्यावरच्या छत्र्या. लाल छत्री दिसली की टाळी! एवढ्यावर वीस मिनिटं जातात. मात्र जाळीला टेकून खुर्ची किंवा पेटी ठेवू नका.

घरातले धोके पावसाळ्यात वाढतात. भरलेली बादली हा पहिला. वितभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं आणि बुडताना ते ओरडत नाही. पागोळीच्या पाण्याने भरलेली पिंपं झाकून ठेवा, खेळ संपला की बादली पालथी. दुसरा धोका डांबराच्या गोळ्यांचा. कुबट वास जावा म्हणून आपण त्या कपाटात टाकतो. मुलाला त्या पांढऱ्या पेपरमिंटसारख्या दिसतात आणि पोटात गेल्या तर विषारी असतात. डासांच्या औषधाची बाटली, फिनेल, रॉकेल यांचंही तेच. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत रॉकेल भरून ठेवायची सवय आजच मोडा. घड्याळातले, रिमोटमधले बटणासारखे चपटे सेल गिळले तर काही तासांत अन्ननलिका जाळतात. संशय जरी आला तरी घरगुती उपाय न करता थेट दवाखाना. चिंचोके, शेंगदाणे, वाटाणे, मणी हे तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळात नकोत, ताई-दादा खेळत असतील तरीही.

आता वेळेबद्दल, कारण आईचा खरा अडसर तोच आहे. हे सगळं दिवसभर तिनेच करायचं म्हटलं तर ती आठवड्यात थकेल आणि मोबाईल परत येईल. दोन वर्षांचं मूल एका खेळात एकट्याने पाच-दहा मिनिटं रमतं, त्यानंतर त्याला माणूस लागतो. हा माणूस प्रत्येक वेळी आईच का? प्रेषित (स.) घरी असत तेव्हा घरच्यांच्या कामात हातभार लावत, आणि नमाजची वेळ झाली की निघत, असं आदरणीय आयेशा (र.) यांनीच सांगितलं आहे. घरात चाचा असेल, दादा असतील, कॉलेजात जाणारा मामू पाहुणा आलेला असेल, तर असर ते मगरिब पिल्लू त्यांच्याकडे. खोका ढकलायला पदवी लागत नाही. दादीला पळापळ जमत नसेल तर तिच्याकडे गोष्ट, मांडी आणि कांदे-बटाट्यांची परात.

परदेशातल्या अब्बांनाही यात वाटा आहे, आणि त्यांना तो हवाही असतो. कॉल लागला की मुलाला नुसतं पडद्यासमोर धरू नका आणि अब्बांनीही ‘सलाम कर, पोएम म्हण’ एवढ्यावर थांबू नये. तिकडे लख्ख ऊन आहे, ते खिडकीतून दाखवावं. इकडून मुलाने ओली छत्री दाखवावी. अब्बांनी चमचा दाखवला की मुलाने धावत जाऊन आपला चमचा आणावा, अब्बांनी टोपी दाखवली की टोपी. धावणंही झालं, बोलणंही झालं. कॉल संपला की फोन लगेच नजरेआड ठेवा, त्याच हाताने कार्टून लावू नका.

मोबाईलची सवय आधीच लागली असेल, विशेषतः जेवताना, तर ती एकदम तोडता येते. पहिले तीन-चार दिवस रडारड होते, जेवण कमी जातं. निरोगी मूल त्याने उपाशी मरत नाही. त्या दिवसांत घास छोटे करा, त्याच्या हातात भाकरीचा तुकडा द्या, सगळ्यांसोबत दस्तरखानावर बसवा, आणि मोठ्यांनीही आपले फोन बाजूला ठेवा, नाहीतर ते कुणाचं ऐकणार? सुरुवात शक्यतो घरात दुसरं माणूस असेल अशा दिवशी करा, म्हणजे रडणाऱ्या पिल्लाला घेऊन पडवीत फेरी मारायला कुणीतरी असेल. दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर ‘आमच्याकडे मुलं उशिराच बोलतात’ म्हणत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कानही तपासून घ्या. हे पाऊस थांबल्यावर करू, असं नको.

खोका साधारण आठवडाभर टिकतो, ओल लागली तर चारच दिवस. फाटला की त्याचे तुकडे करून त्यावर खडूने रेघोट्या ओढू द्या, आणि शुक्रवारी बाजारात जाणाऱ्याला सांगून दुसरा मागवा.